स्वच्छ प्रवाहांतील दोन कीटक

ओढ्यानाल्यांच्या पाण्याची शुद्धता ठरविताना रासायनिक तपासणीबरोबरच त्यातील कीटकांचाही आधार घेतला जातो. ‘स्टोनफ्लाय’ हा अशा कीटकांपैकी एक होय. शेपटीसारखे दोन तंतू असलेली त्याची पिल्ले प्रवाहातील दगडांच्या आश्रयाने वाढतात. त्यांना प्राणवायूने समृद्ध असे पाणी लागते. सांडपाण्यामुळे प्राणवायू घटला की प्रथम नाहीशा होणाऱ्या जीवांत त्यांची गणना होते.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात या कीटकाच्या लेडनिया टुमाना आणि झपाडा ग्लेशियर या दोन जाती आढळतात. दोन्ही एकाच कुलातील असून, हिमनद्या व साचलेले बर्फ वितळून वाहणाऱ्या थंड ओढ्यांत त्या राहतात. झपाडाच्या पिल्लांना मानेखाली कल्ले असतात. लेडनियाच्या पिल्लांना ते नसतात. लेडनियाचा आढळ मुख्यतः हे उद्यान व त्याच्या परिसरात आहे. झपाडा वायोमिंग राज्यातील ग्रँड टेटन उद्यानातही सापडली आहे. मात्र झपाडाची पिल्ले तिच्या निकटच्या इतर जातींसारखीच दिसत असल्याने त्यांची खात्रीशीर ओळख आनुवंशिक तपासणीनेच पटते.

झपाडाचे नमुने १९६३ ते १९७९ या काळात ग्लेशियर उद्यानातील सहा ओढ्यांतून मिळाले होते. पुढील पाहणीत त्या सहांपैकी एकाच ओढ्यात ती सापडली. अधिक उंचीवरील दोन नव्या ओढ्यांत मात्र तिचे अस्तित्व आढळले. या उद्यानात १८५० च्या सुमारास असलेल्या सुमारे १५० हिमनद्यांपैकी २०१५ मध्ये केवळ २६ उरल्या होत्या. पाणी निर्मळ असूनही त्याचा थंडपणा टिकला नाही, तर असे जीव तग धरू शकत नाहीत. म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकेने या दोन्ही जातींना कायद्याने संरक्षण दिले.

झपाडाची ही पीछेहाट लक्षात आली ती जुन्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून. सह्याद्रीतील खळाळत्या ओढ्यांतही स्टोनफ्लाय आढळतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावोगावच्या समित्यांनी शिक्षकांच्या साहाय्याने आपल्या ओढ्यातील अशा जीवांची स्थळ व दिनांकासह नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत केल्यास, उद्या होणारा बदल वेळीच ध्यानात येऊ शकेल.