फिलिपिन्सचे वार्तापत्र : तिलापियाच्या आठ वाणांची परीक्षा

मुन्योस (लुझॉन)

नुएवा एसिहा या भातपिकाच्या प्रांतात, मध्य लुझॉन राज्य विद्यापीठाच्या तळ्यांवर, 1988 पासून नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने जो प्रयोग चालला, त्याने या देशाच्या ताटातील मासा पालटला. त्यातून निपजलेला वाण मोलाचा खराच, पण वाण पारखण्याची जी न्याय्य रीत त्याने घालून दिली, ती मला अधिक मोलाची वाटते.

येथे 1950 साली मोझांबिकची तिलापिया आली. ती कोवळ्या वयातच विणीस येते, तळे पिलांनी भरून टाकते आणि अवघी मासळी खुरटते. म्हणून 1972 नंतर नाईल तिलापियाला पसंती मिळाली खरी, परंतु दोहोंचा संकर होत जाऊन तिचेही सत्त्व उणावले. शुद्ध नाईल तिलापियाच्या शेपटीच्या परावर उभे पट्टे ठसठशीत उमटलेले असतात. मोझांबिकच्या परावर ते नसतात.

इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथील नद्या-सरोवरांतून आणलेले चार वन्य वाण आणि इस्रायल, सिंगापूर, तैवान, थायलंड या नावांनी येथे रूढ असलेले चार पाळीव वाण, असे नाईल तिलापियाचे आठ वाण या प्रयोगात समोरासमोर ठेवले गेले. पिले हाप्यांत (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या कप्प्यांत) वाढवून, प्रत्येक माशाला खुणेची पट्टी लावून, सर्वांना एकाच पाण्यात सोडायचे, आणि हाच शिरस्ता तळी, पिंजरे व भातखाचरे धरून निरनिराळ्या 11 परिस्थितींत पाळायचा, म्हणजे कोणाचे तळे चांगले होते ही सबब उरत नाही. पाळीव वाणच सरस, हा स्थानिक समज येथे ढासळला: इजिप्तचा वाण अग्रेसर ठरला आणि घानाचा तेवढा मागे पडला. पुढे आठांचे परस्परांत संकर केले, तेव्हा संकरापासून मिळणारी वाढ अत्यल्प निघाली; सबब त्यांतील सरस गटांचे मिश्रण करून पिढ्यान्‌पिढ्या उत्तम मासे निवडण्याचा मार्ग पत्करण्यात आला. दर पिढीस 12 ते 17 टक्के, आणि पाच पिढ्यांत सुमारे 85 टक्के इतकी वाढीच्या वेगात भर पडली. हाच तो ‘गिफ्ट’ वाण.

येथील बाजारात हा मासा पुष्कळदा जिवंत आणि अखंडच विकला जातो, त्यामुळे लहान डोके, रुंद पाठ आणि भरलेले अंग यांचीही गिऱ्हाईक पारख करते. केवळ वजनाचा हिशेब पुरत नाही.

‘गिफ्ट’ची पैदास आता विजयवाड्याजवळही होते आणि उजनीच्या पाण्यातील चिलापी, म्हणजे तिलापियाच, तर आपल्या ओळखीचीच आहे. आपल्याकडील परवानाधारक तळेवाल्यांनी मत्स्यबीज घेताना वाणाचे नाव, पिढी आणि पैदास केंद्राची नोंद मागितल्याखेरीज पैसे मोजू नयेत.