ब्रेकचे पेडल कडक लागते? आधी हवेची गळती शोधा



मैंदर्गी परिसरातील तूर दुधनीच्या बाजारात किंवा कांदा सोलापूरच्या बाजार समितीत न्यायचा, तर आज पिकअप किंवा जीपशिवाय भागत नाही. विहिरीवरची मोटार बिघडली तर एक पाळी चुकते. पण माल भरलेल्या गाडीचा ब्रेक बिघडला तर जिवावर बेतते. अशा बिघाडांपैकी एक म्हणजे ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होणे. अशा वेळी पुष्कळजण आधी ब्रेक ऑइल आणि लायनर बदलून घेतात. पैसे जातात, पेडल मात्र कडकच राहते. कारण यातील दोष बहुधा चाकात नसतो, बूस्टरमध्ये किंवा बूस्टरची हवा ओढणाऱ्या यंत्रणेत असतो.

पेडल हलके कशामुळे लागते?

पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा गोल, चपटा डबा असतो. हाच बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतली जाते. पेडल दाबताच पेडलकडील बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सें.मी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. सें.मी. होते. निर्वात चांगला असेल तर एवढ्या पडद्यावर हवेचा सुमारे २०० किलोचा जोर मिळतो. ही मदत बंद पडली की सगळा भार पायावर येतो, म्हणून पेडल कडक लागते.

पेट्रोल गाडीत ही हवा इंजिनच आपल्या इनटेक मॅनिफोल्डमधून ओढते. डिझेल इंजिनात तेवढी ओढ तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक जीप व पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागे बसविलेला असतो. विजेवरील काही गाड्यांत हे काम विजेचा पंप करतो.

ही रचना विहिरीवरच्या पंपासारखीच आहे. व्हॅक्यूम पाईप म्हणजे सक्शन पाईप आणि बूस्टरच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह. सक्शनने हवा धरली की मोटार चांगली असूनही पाणी येत नाही. तसेच येथे होते.

तीन सोप्या चाचण्या

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक ओढावा.

१) इंजिन बंद ठेवून पेडल ५-६ वेळा दाबावे. ते कडक झाल्यावर पायाखाली दाबून धरावे व इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही तर बूस्टरमध्ये किंवा हवा ओढणाऱ्या भागात दोष आहे.

२) इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थोड्या वेळाने पेडल दाबावे. पहिली दाब हलकी व पुढची प्रत्येक दाब वर वर लागली तर ठीक. पहिलीच दाब कडक लागली तर झडप किंवा पाईप गळतो.

३) इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच इंजिन बंद करावे आणि ३० सेकंद थांबावे. पेडल पायाला वर ढकलू लागले तर बूस्टर गळतो.

दोष कोठे आणि उपाय काय?

व्हॅक्यूम पाईप : तडे, सैल क्लिप, उंदरांनी कुरतडलेली जागा पाहावी. बदलताना जाड भिंतीचा व्हॅक्यूम पाईपच घ्यावा. फवारणीची किंवा पाण्याची साधी नळी ओढीने चपटी होते.

एकमार्गी झडप : काढून फुंकून पाहावी. बूस्टरकडून इंजिनाकडे हवा जावी, उलट जाऊ नये. दोन्हीकडे जात असेल किंवा कोठेच जात नसेल तर झडप बदलावी.

व्हॅक्यूम पंप : अल्टरनेटरचा पट्टा सैल असेल तर पंप मंद फिरतो; पट्टा ताणून घ्यावा. पंपाला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, म्हणून ऑइलची पातळी व ऑइलची नळी तपासावी. व्हॅक्यूम पाईपमध्ये ऑइल आढळल्यास पंप व झडप दोन्ही दाखवावीत. ऑइलमुळे बूस्टरचा पडदा खराब होतो.

बूस्टर : पेडल दाबून धरले असता सतत ‘सूऽऽ’ असा आवाज येत राहिला तर पडदा किंवा आतील झडप गेली आहे. असा बूस्टर कुशल मेकॅनिककडून बदलून घ्यावा.

तिन्ही चाचण्या ठीक असूनही ब्रेक जड लागत असेल, तर मात्र चाकांकडे वळावे. अडकलेले पिस्टन, आतून बुजलेली रबरी ब्रेक नळी किंवा गुळगुळीत झालेले लायनर ही कारणे असू शकतात. ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल कदापि टाकू नये. त्याने सर्व रबरी वॉशर फुगतात. पेडल कडक नसून स्पंजासारखे दबत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. तो दोष वेगळा आहे.

वाटेत पेडल कडक झाल्यास

ब्रेक संपला असे समजून पाय काढू नये. ब्रेक लागतो, फक्त जोर कितीतरी जास्त लागतो. पेडल पुन्हा पुन्हा न मारता पूर्ण ताकदीने दाबून धरावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय याच कारणाने घातक आहे. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन दाबांतच संपतो आणि भरलेली गाडी उतारावर असतानाच पेडल कडक होते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण पंप, पाईप व फूटव्हॉल्व्ह तपासतो. त्याच दिवशी गाडीच्या या तीन चाचण्याही कराव्यात. त्यांना दहा मिनिटे पुरतात. दोष आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडीत माल भरू नये व माणसेही बसवू नयेत.