एसओपी कोण वाचतो, कशासाठी वाचतो

अमेरिकेतील विद्यापीठात एमएस किंवा पीएचडीसाठी अर्ज करताना गुणपत्रके आणि शिफारसपत्रे यांच्या जोडीला स्वतः लिहिलेला एक लेख द्यावा लागतो. त्याचे नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज. विद्यार्थ्यांच्या तोंडी तो नुसता ‘एसओपी’ असतो. लांबी साधारण 500 ते 1000 शब्द. अर्ज भरायची वेळ येते तेव्हा सीजीपीए ठरून गेलेला असतो, शिफारसपत्रे प्राध्यापकांच्या हाती असतात. ज्याचा शब्द न् शब्द अर्जदाराच्या ताब्यात आहे, असा हा एकच कागद. 2020 नंतर अनेक विभागांनी जीआरई या प्रवेश परीक्षेची अट काढून टाकली. तिथे या कागदाचे वजन वाढले, हे ओघानेच आले.

काही विद्यापीठे एकाऐवजी दोन लेख मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत स्टेटमेंट ऑफ पर्पजसोबत पर्सनल हिस्टरी स्टेटमेंटही द्यावे लागते. पहिल्यात अभ्यास, संशोधन आणि पुढचा बेत. दुसऱ्यात घर, परिस्थिती, अडचणी आणि त्यातून काढलेली वाट. पहिल्याचा मजकूर दुसऱ्यात उतरवला की दोन्ही वाया जातात. नुसते ‘पर्सनल स्टेटमेंट’ असे शीर्षक दिसले, तर त्याखालची सूचना नीट वाचावी. एकाच शीर्षकाखाली एक विभाग संशोधनाचा बेत मागतो, तर दुसरा आयुष्याची हकीकत.

पीएचडीचे अर्ज सहसा त्या त्या विभागातल्या प्राध्यापकांची समिती वाचते. निवडलेल्या विद्यार्थ्यासोबत त्यांच्यापैकीच कोणाला तरी पुढची पाच-सहा वर्षे काम करायचे असते, आणि बऱ्याचदा त्याचा खर्च संशोधनाच्या अनुदानातून भागवायचा असतो. त्यामुळे ‘मुलगा हुशार आहे का’ याच्या जोडीला ‘याला प्रश्न पडतात का, आणि ते आपल्या प्रयोगशाळेच्या कामाशी जुळतात का’ हेही त्यांना पाहायचे असते. एमएसच्या अर्जात संशोधनावर एवढा भर नसतो. तिथे पायाभूत विषय पक्के आहेत आणि हाच अभ्यासक्रम का हवा हे ठाऊक आहे, एवढे दिसले तरी चालते.

बालपणापासून सुरुवात करण्याचा मोह मोठा असतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचे अर्ज ‘यूकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. 2007 मध्ये या संस्थेने सुमारे 50,000 अर्जांतील निवेदने संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा 234 जणांनी एकच प्रसंग सांगितल्याचे आढळले: आठव्या वाढदिवशी मिळालेल्या रसायनांच्या खेळातून प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले! नमुन्यादाखल उपलब्ध असलेला एक लेख एवढ्या जणांनी वापरला होता. नक्कल सोडून दिली, तरी ‘लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते, कारण पुढच्या अर्जातही तेच असते. घड्याळ खोलून पाहणारी मुले इंजिनिअरिंगला दर वर्षी हजारोंनी येतात.

ड्र्यू अॅपलबी आणि कॅरन अॅपलबी या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना, कशामुळे अर्ज हातचा जातो, असे विचारले होते. उत्तरांत खासगी आयुष्याचा नको तितका तपशील, जगाचे भले करण्याची भाबडी भाषा, फसलेले विनोद, विभागाची काहीच माहिती नसणे आणि ढिसाळ लिखाण, असे सगळे निघाले. यादी एका विषयापुरती असली, तरी इतर विषयांतही ती सहज खपावी.

मग लिहायचे काय? समजा, स्थापत्य शाखेच्या एका विद्यार्थिनीला भूजलशास्त्रात पुढे शिकायचे आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात असे असू शकते: ‘महाराष्ट्रातील दुष्काळ पाहून मी व्यथित झाले आणि पाण्याच्या क्षेत्रात योगदान देण्याचे ठरवले. माझ्या बीई प्रोजेक्टमुळे मला संशोधनाची गोडी लागली.’ यात खोटे काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आता तोच प्रोजेक्ट जवळून पाहू. तिने जालना जिल्ह्यातील एका गावातल्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली. शेजारशेजारच्या, सारख्याच खोलीच्या दोन विहिरींपैकी एक जानेवारीत आटली, दुसरीला मेपर्यंत पाणी राहिले. संगणकावरच्या प्रारूपात मात्र दोन्ही विहिरींचे उत्तर एकच येत होते, कारण त्यात खडक एकसंध धरला होता. प्रत्यक्षातला काळा बेसाल्ट भेगाळलेला असतो आणि पाणी त्या भेगांतून वाहते. या भेगा गणितात बसवायच्या कशा, हा प्रश्न प्रोजेक्ट संपल्यावरही उरला. एवढे चार ओळींत लिहिले की ‘गोडी’ आणि ‘व्यथा’ हे शब्द न वापरता दोन्ही कळतात. शिवाय पुढच्या परिच्छेदाची वाट मोकळी होते: भेगाळलेल्या खडकातील प्रवाहावर या विभागात कोण काम करते, त्यांची कोणती पद्धत या प्रश्नाला लागू पडेल आणि त्यासाठी तिला अजून काय शिकावे लागेल.

हा ‘इथेच का’चा परिच्छेद सर्वांत जास्त कसूर होणारा भाग. विद्यापीठाची क्रमवारी, नामांकित प्राध्यापक, अद्ययावत प्रयोगशाळा यांची स्तुती लिहिण्यात अर्थ नाही. समितीला ती माहीत असते. दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध खरोखर वाचून, आपला प्रश्न त्यांच्या कामाला कुठे भिडतो ते लिहावे. दहा विद्यापीठांसाठी हा परिच्छेद दहा वेळा नव्याने लिहावा लागतो. नुसते नाव बदलून काम भागवणाऱ्याच्या अर्जात हमखास एका ठिकाणी जुन्या विद्यापीठाचे नाव राहून जाते.

एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर कारण दोन वाक्यांत सांगून पुढच्या सत्रांतील सुधारणेकडे बोट दाखवावे. याहून लांबलेले स्पष्टीकरण तक्रारीसारखे वाचले जाते. पर्सनल हिस्टरीत मात्र परिस्थिती मोकळेपणाने सांगायला हवी, आणि तीही परक्या वाचकाला समजेल अशी. आईवडील ऊसतोडीला जातात, एवढे लिहून बर्कलीतल्या प्राध्यापकाला काही कळणार नाही. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याच्या पट्ट्यात जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर परतते आणि अधले काही महिने मुलांची शाळा बुडते, हे सांगितल्यावर बारावीच्या गुणांचा अर्थ बदलतो.

मसुदे पाच-सहा होतातच. सीनिअरने दिलेले नमुने बांधणी समजण्यापुरते पाहावेत. सल्लागाराकडून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अख्खा लेख लिहून घेण्यात वेगळाच धोका असतो: लेख आपला स्वतःचा आहे असे अर्जात बऱ्याच ठिकाणी जाहीर करावे लागते, आणि मुलाखत झालीच तर प्रश्न याच मजकुरावर येतात. भाषेच्या चुका कोणाकडून तपासून घ्याव्यात. विचार मात्र उसना नसावा. विषय कळणाऱ्या एकाला आणि न कळणाऱ्या एकाला मसुदा वाचायला दिला, तर उणिवा लवकर सापडतात.

अमेरिकेत पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये संपते, काही ठिकाणी जानेवारीत. वर्ग त्यानंतरच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे पहिला मसुदा आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत तयार हवा. तोच शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनाही पाठवावा, म्हणजे विहिरींच्या नोंदी विद्यार्थिनीने स्वतः घेतल्या होत्या हे त्यांच्या पत्रातही येते. आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळाला, तर होकार-नकार कळवण्यासाठी बहुतेक मोठी विद्यापीठे 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात.