कलनाचे पाठ्यपुस्तक : निवडीचे काही निकष

पाठ्यपुस्तक हाही वाङ्मयाचा एक प्रकार मानावा, असे म्हटले तर साहित्याच्या अभ्यासकांच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. ते पाठ्यपुस्तक गणिताचे असेल तर अधिकच. तथापि समजावून सांगणे हे गद्याचे एक मूलभूत कार्य आहे, आणि त्या कार्याची कसोटी कलनशास्त्रावरील पुस्तकात जितकी लागते तितकी अन्यत्र क्वचितच लागत असेल. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कलनाचे कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ गणिताच्या अध्यापकांचा नाही.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो आणि हे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बरोबर एक सेकंद पुरा होताना त्याचा वेग किती? तेथून १.१ सेकंदापर्यंतचा सरासरी वेग दर सेकंदाला १०.२९ मीटर येतो, १.०१ पर्यंतचा ९.८४९, १.००१ पर्यंतचा ९.८०४९. या संख्या ९.८ कडे सरकत आहेत, हे उघड दिसते. परंतु मधला कालावधी शून्यच केला तर अंतरही शून्य होते आणि शून्याला शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या या विषयावरील मराठी पुस्तकाचे नाव ‘शून्यलब्धि’ असे आहे. लब्धि म्हणजे भागाकाराचे फळ. पेच नेमका तेथेच आहे.

हा पेच पुस्तक कसा सोडविते, हा निवडीचा पहिला निकष होय. सिल्व्हानस थॉम्प्सन यांचे ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ (१९१०) सीमेच्या कल्पनेला बगल देते. अतिसूक्ष्म वाढ मानावी, हिशेब करावा आणि शेवटी तिच्या वर्गासारख्या अधिकच क्षुद्र राशी सोडून द्याव्यात, हा त्याचा मार्ग. भय घालविण्यास तो उत्तम आहे. मात्र त्या राशी सोडण्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. याउलट जी. एच. हार्डी यांच्या ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ (१९०८) या ग्रंथात अवकलजाची गाठ सहाव्या प्रकरणात पडते. तोपर्यंत संख्या, फलन आणि सीमा यांचा पाया रचला जातो. पहिल्या पुस्तकावर जो थांबेल त्याची समजूत उसनी राहील. दुसऱ्यानेच जो आरंभ करील त्याला हा खटाटोप कशासाठी, हे पुष्कळ काळ कळणार नाही.

यातूनच दुसरा निकष निघतो : साधन हाती देण्यापूर्वी त्याची गरज वाचकाला जाणवून दिली आहे काय? मायकेल स्पिव्हॅक यांचे ‘कॅल्क्युलस’ (१९६७) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संतत फलनांविषयीचे तीन कठीण सिद्धांत सातव्या प्रकरणात नुसते मांडले जातात आणि त्यांचे फलित दाखविले जाते. त्यांच्या सिद्धतेला संख्यांचा आणखी एक गुणधर्म आवश्यक आहे, ही उणीव वाचकाला जाणवू लागते आणि मग आठव्या प्रकरणात तो गुणधर्म येतो. टॉम अपॉस्टल यांनी (१९६१) समाकलन अवकलनाच्या आधी घेतले, कारण क्षेत्रफळाचा प्रश्न आर्किमिडीजच्या काळापासूनचा आहे आणि तो चित्रात दिसतो. क्रम कोणताही असो, त्यामागे विचार असला पाहिजे. ज्या पुस्तकात व्याख्या, सिद्धांत आणि उदाहरण एवढेच अखंड चक्र फिरते, ते परीक्षेपुरते उपयोगी असेल, समजुतीपुरते नव्हे.

तिसरा निकष उपपत्तीचा. श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती तरुणपणी जी. एस. कार यांचा ‘सिनॉप्सिस’ पडला. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी रचलेल्या या संग्रहात हजारो निष्पत्ती होत्या, उपपत्ती मात्र त्रोटक. रामानुजन यांनी ती उणीव स्वतःच्या प्रतिभेने भरून काढली. पण सिद्धतेविना निष्पत्ती लिहून ठेवण्याची त्यांची रीतही बहुधा त्याच पुस्तकातून आली. अपवादात्मक बुद्धीला जे मानवले ते सर्वांना मानवेल, असे समजू नये. आपल्याकडे सूत्रबद्ध पद्यग्रंथांच्या जोडीला उपपत्ती सांगणारी परंपराही होती. नीलकंठ सोमयाजींचा संस्कृत ‘तंत्रसंग्रह’ (सुमारे १५००) पद्यात आहे. त्यातील गणिताची कारणमीमांसा ज्येष्ठदेवांनी सुमारे १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात मल्याळम गद्यात लिहिली. वर्तुळाच्या परिघासाठी अनंत श्रेढी कशी मिळते, हे तेथे पायरीपायरीने उलगडले आहे. लोकभाषेतील गद्याने येथे जे काम केले, तेच आजच्या पाठ्यपुस्तकाकडून अपेक्षित आहे.

चौथा निकष भाषेचा आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी सीमेच्या व्याख्येशी अडखळतो, तेव्हा त्याचे गणित कच्चे आहे असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा तो वाक्याशी अडखळलेला असतो. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एक किल्ली अशी आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते’ ही दोन विधाने कोणीही मराठी भाषक सहज वेगळी ओळखील. कलनातील एक अवघड भेद नेमका असाच आहे. चुकीची एक मर्यादा ठरवून दिली असता प्रत्येक बिंदूला त्याची त्याची किल्ली सापडणे म्हणजे सांतत्य; सर्व बिंदूंना एकच किल्ली लागणे म्हणजे एकसमान सांतत्य. एप्सिलॉन आणि डेल्टा ही अक्षरे पुढे करण्यापूर्वी ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांचा क्रम जे पुस्तक उलगडून दाखविते, ते कोणत्याही भाषेत असो, विद्यार्थ्याचे खरे साह्यकर्ते आहे. मराठीत लिहिताना अवकलन, समाकलन, सांतत्य हे प्रतिशब्द सिद्ध करून भागत नाही. वाक्यही सिद्ध करावे लागते.

शेवटी अभ्यासाची उदाहरणे. केवळ आकडे बदलून तीच रीत वीस वेळा गिरवून घेणारी उदाहरणे हात बसविण्यास पुरेशी आहेत. त्यांच्याबरोबर ‘ही अट काढून टाकली तर सिद्धांत का ढासळतो?’ असे विचारणारी काही तरी हवीत. निवड करताना उदाहरणांची संख्या मोजण्यापेक्षा अशी पाच शोधून पाहावीत.

एकच पुस्तक हे सारे निकष पुरे करील, ही अपेक्षा सहसा व्यर्थ ठरते. म्हणून एक वाट दाखविणारे आणि एक पाया तपासणारे, अशी दोन पुस्तके जवळ असावीत. निवडीपूर्वी ग्रंथालयात बसून सीमेच्या व्याख्येची आणि तिच्या आधीची अशी काही पाने प्रत्येक पुस्तकात वाचावीत. जेथे व्याख्या येण्यापूर्वीच ती असावी असे वाटू लागते, ते पुस्तक घ्यावे. ही निवड क्षुल्लक नव्हे. ‘गणित आपल्यासाठी नाही’ असा समज घेऊन दरवर्षी जे विद्यार्थी या विषयापासून दूर जातात, त्यांतील कित्येकांना गणिताने नव्हे, तर न उलगडलेल्या एका वाक्याने परतविलेले असते.