ऊसतोड मजुरांचे स्थलांतर : तोडणीचा खर्च आणि दोन्हीकडची गावे

ऊस तयार आहे पण टोळी येत नाही, ही आता दरवर्षीची तक्रार झाली आहे. तोड लांबली की उसाला तुरा येतो, दशी पडते, वजन आणि साखर उतारा दोन्ही घटतात. टोळीची टंचाई कशामुळे होते हे कळले, तर पुढच्या लागणीपासूनच नियोजन करता येते.

मजूर कोठून येतो?

पुणे जिल्ह्यात स्थलांतर दुहेरी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण असा औद्योगिक पट्टा वाढत गेला आणि आसपासच्या गावांतील माणसे महिन्याच्या पगाराकडे वळली. हंगामी आणि अतिशय कष्टाची ऊसतोड बाहेरच्या मजुरांवर आली. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव भाग येथील कोरडवाहू कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडल्यावर परततात.

उचलीचे गणित

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामापूर्वी कोयत्याला उचल देतो आणि ती तोडणीतून फिटते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. उदाहरणादाखल हिशेब पाहू :

- जोडीने दिवसाला २ टन ऊस तोडला तर ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये.
- १ लाख रुपये उचल फेडण्यासाठी सुमारे २७३ टन ऊस, म्हणजे १३७ दिवस काम.
- प्रत्यक्ष काम १२० दिवसच मिळाले तर कमाई ८७,८४० रुपये. सुमारे १२ हजार रुपये अंगावर राहतात.

अवकाळी पाऊस किंवा उसाची कमतरता यामुळे हंगाम आखडला की ही बाकी वाढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. उलट, उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर ट्रॅक्टरमालक किंवा वाहतूकदार शेतकरी बुडतो.

ऊस उत्पादकावर परिणाम

एफआरपी कारखान्याच्या दारातील दर आहे. तोडणी-वाहतूक खर्च त्यातून वजा होतो, म्हणून मजुरी वाढली की तुमच्या बिलात कपात दिसते. त्यावर 'खुशाली'ची मागणी होते. ती दरात बसत नाही आणि बिलातही दिसत नाही. मात्र केवळ मजुराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण वरच्या हिशेबात त्याच्या हाती हंगामाअखेर रोख काहीच उरत नाही.

मजुराच्या गावावर परिणाम

उचलीतून लग्न, आजारपण, घर, जुने कर्ज भागते. हा पैसा गावाच्या बाजारातही फिरतो. पण रब्बीच्या ऐन कामांत घरी म्हातारी माणसेच असतात, त्यामुळे ज्वारी-हरभऱ्याचे क्षेत्र सांभाळणे अवघड होते. मुलांची शाळा मध्येच तुटते. एक खाडा म्हणजे जोडीची मजुरी बुडणे, म्हणून स्त्रिया दुखणे अंगावर काढतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- सर्व क्षेत्र एकाच तारखेला, एकाच वाणाखाली लावू नका. को-सी ६७१ लवकर, तर को ८६०३२ मध्यम-उशिरा पक्व होतो. तोड टप्प्याने येईल.
- लागणीची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागात वेळेत करा, पोच जपून ठेवा.
- सरी साडेचार ते पाच फूट ठेवा. लहान तुकडे असल्यास शेजाऱ्यांशी मिळून सलग लांब सऱ्या काढा, तरच तोडणी यंत्र परवडते.
- लवकर तोड मिळावी म्हणून ऊस पेटवू नका. बिलात कपात होते आणि पाचटही जाते.
- खुशालीची तक्रार कारखान्याकडे लेखी करा.
- फडाजवळ पिण्याचे पाणी, उजेड आणि स्वच्छतागृहाची सोय करा. सोय असलेल्या फडात टोळी टिकते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगार ओळखपत्र मिळवून द्या. उचलीची रक्कम, फेड आणि बाकी यांची वही मजुराकडेही असावी. मुले मागे राहणार असतील तर वसतिगृहात, सोबत जाणार असतील तर फडाजवळच्या शाळेत त्यांची नोंद करा. मजुराच्या गावी शेततळे आणि ठिबक झाले, रब्बी पिकू लागली, तर काही कुटुंबे घरीच थांबतील. बागायती पट्ट्याने ही शक्यता धरून आतापासूनच यंत्रतोडणीची तयारी ठेवावी.