एमए झालं, सेटही झाली, आता पुढे काय? मानव्यविद्येतल्या करिअरचा रोखठोक हिशेब

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी इतिहास, मराठी, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र अशा विषयांत एमए केलंय किंवा करताहेत. आणि ज्यांना घरात, लग्नात, एसटीत, जिथे जाल तिथे एकच प्रश्न विचारला जातो: "मग पुढे काय?"

याचं ठरलेलं उत्तर आपल्याला पाठ आहे. आधी नेट-सेट, मग पीएचडी, मग प्राध्यापक. उत्तर चूक नाही. पण या रस्त्यावर किती वर्षं चालायचं आणि तोवर घर कशावर चालवायचं, हे त्यात येत नाही. त्यामुळे आज प्रेरणा वगैरे बाजूला ठेवू आणि सरळ हिशेब मांडू. माझं म्हणणं एवढंच आहे: पीएचडीला नाव घालण्याआधी तीन उत्तरं हातात हवीत. पैसे कुठून येणार? किती वर्षं देणार? आणि या काळात दुसरं कोणतं कौशल्य कमावणार?

आधी परीक्षांचं बघू

यूजीसी नेट ही परीक्षा एनटीए घेते, साधारण वर्षातून दोनदा. दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पास होण्याचं ठरावीक गुणांचं गणित इथे पुरत नाही, कारण दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी साधारण 6 टक्केच उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात. त्यातही वरच्या काही जणांना जेआरएफ मिळते.

सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी. अनेक विषयांना मराठी माध्यम मिळतं, हा मोठा आधार. पण सेटवर फेलोशिप मिळत नाही आणि तिची मान्यता राज्यापुरती असते. हैदराबादला किंवा दिल्लीला अर्ज करायचा असेल तर नेटच लागेल.

अजून एक गैरसमज दूर करू. सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची आहे का? नाही. यूजीसीने जुलै 2023 मध्ये नियम बदलला. नेट किंवा सेट ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. पण थांबा, लगेच खूश होऊ नका. निवडीच्या वेळी पीएचडीचं वजन किती पडतं ते पुढे येतंय. आणि सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच.

पहिला प्रश्न: पैसे कुठून?

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, त्यानंतर एसआरएफ म्हणून 42,000 रुपये. जानेवारी 2023 पासून हे दर लागू झाले. घरभाडं भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षांची. वयोमर्यादा 30, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट. म्हणून जेआरएफचे प्रयत्न एमएच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा. "आधी दोन वर्षं शिकवून बघतो, मग देतो" असं करताना वय निघून जातं.

जेआरएफ नाही मिळाली तर? राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या समाजगटांतल्या पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतात. बार्टी अनुसूचित जातींसाठी, टीआरटीआय अनुसूचित जमातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. शिवाय आयसीएसएसआर आणि आयसीएचआर आहेत, त्या दिल्लीच्या. यातल्या बहुतेक ठिकाणी आधी पीएचडीचा प्रवेश पक्का लागतो, आणि जाहिरात आली की मुदत थोडी असते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, प्रवेशाचं पत्र हे सगळं मोबाईलमध्ये एका फोल्डरला स्कॅन करून ठेवाच.

आणि एक कडू सत्य. फेलोशिप म्हणजे एक तारखेला जमा होणारा पगार नव्हे. हप्ते लांबतात. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय शहरात खोली घेऊ नका.

दुसरा प्रश्न: किती वर्षं?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. म्हणजे तेविसाव्या वर्षी सुरू केलीत तर एकोणतीसपर्यंत हातात पदवी पडायला हवी.

पण बहुतेकांची वर्षं पीएचडीत अडकत नाहीत, ती अडकतात तासिका तत्त्वात. सीएचबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: अनुदानित कॉलेजात पद रिकामं आहे, कायम भरती झालेली नाही, म्हणून तासाच्या हिशेबाने शिक्षक घेतात. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षा, या काळात तास नाहीत, मग पैसेही नाहीत. पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. आणि कायम पद भरायचं तर बिंदुनामावली तपासून घ्या, सरकारची ना-हरकत आणा, मग जाहिरात काढा, असा लांबचा पल्ला असतो. त्याची तारीख प्राचार्यांनाही सांगता येत नाही.

"पण सर, अनुभव तर मिळतो ना?" मिळतो. आता तो मोजतात कसा ते बघा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं, याचा एक तक्ता आहे. त्यात पीएचडीला 25 गुण. नेट-जेआरएफला 10, नुसत्या नेटला 8, सेटला 5. संशोधन लेखांना प्रत्येकी 2, पण जास्तीत जास्त 6. आणि अनुभवाला दर वर्षाचे 2, जास्तीत जास्त 10.

हा आकडा पुन्हा ऐका. जास्तीत जास्त 10. म्हणजे पाच वर्षांनंतर तुम्ही सहावं, सातवं, दहावं वर्ष तासिकेवर काढलंत तर तक्त्यात एका गुणाचीही भर पडत नाही. तासिकेचा अनुभव धरतात की नाही आणि कोणत्या अटीवर, हेही त्या-त्या जाहिरातीत तपासावं लागतं. याउलट, त्याच वेळात पीएचडी पूर्ण केली तर एकदम 25.

लेखांचंही तसंच. तीन चांगले लेख झाले की 6 गुण भरले. चार-पाच हजार रुपये भरून कुठल्यातरी मासिकात पंधरा लेख छापून आणण्यात काय हशील? यूजीसीने केअर यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. लेख बरा आहे की नाही हे आता निवड समिती वाचून ठरवणार, असं धरूनच लिहा.

हा तक्ता फक्त मुलाखतीच्या यादीसाठी आहे, हेही लक्षात असू द्या. आणि निवडीचे निकष बदलत राहतात. म्हणून प्रत्येक जाहिरात मुळातून वाचायची, व्हॉट्सअॅपवरचा सारांश नाही.

माझा सल्ला: तासिका घ्या, शिकवण्याची सवय होते, वर्गात उभं राहायची भीती जाते. पण पहिल्याच दिवशी वहीत शेवटची तारीख लिहा. तीन वर्षं म्हणा, चार म्हणा. ती तारीख घरी सांगा. त्या दिवशी कायम पद नसेल तर दुसरा दरवाजा उघडायचा.

तिसरा प्रश्न: दुसरं कौशल्य कोणतं?

दुसरा दरवाजा म्हणजे संशोधन सोडून कॉल सेंटर, असं समजू नका. तुमच्या विषयातूनच निघणारी कामं आहेत.

पहिलं, कागदपत्रं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. मोडी वाचणारी माणसं मात्र कमी. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुने दस्तऐवज वाचायला जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांचा शोध सुरू झाला. ज्याने एमए करता करता मोडी शिकून ठेवली होती, त्याच्याकडे अचानक काम आलं. जमिनीचे जुने कागद, देवस्थानांची दफ्तरं, घराण्यांचे संग्रह, इथेही मोडी लागते. काही महिन्यांच्या नेटाच्या सरावाने वाचन जमू लागतं.

दुसरं, संपादन, भाषांतर आणि कोशाचं काम. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी आता विषयवार ज्ञानमंडळांतून तयार होतात. यातून पोटभर पैसे मिळतील असं नाही, पण नेमकं आणि तपासून लिहिणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं. प्रकाशकांना, वेब पोर्टलना, ऑडिओबुक कंपन्यांना असाच माणूस हवा असतो.

तिसरं, भाषेचं तंत्रज्ञान. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, खाजगी कंपन्याही यात आहेत. मराठी बोलणं ऐकून लिहून काढणं, भाषांतर तपासणं, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीतले बारकावे सांगणं, यासाठी भाषेचे विद्यार्थी लागतात. वाक्यामागे दोन-चार रुपये देणाऱ्या कामात अडकू नका. नियमावली लिहिणं, इतरांचं काम तपासणं, याकडे सरका. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला खरा, पण त्यामुळे उद्या सकाळी नोकऱ्या पडणार नाहीत. तयारी असलेल्यालाच त्याचा उपयोग.

चौथं, सामाजिक संस्थांमधलं संशोधन. इथे मुलाखती घेता येणं, एक्सेल येणं आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत अहवाल लिहिता येणं, एवढ्यावर सुरुवात होते.

आपलं काम सांगायचं कसं?

समजा तुमचा विषय आहे 1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी. सीव्हीवर फक्त प्रबंधाचं नाव लिहिलंत तर समोरचा पान उलटणार. त्याऐवजी लिहा: दोन तालुक्यांतल्या 40 ज्येष्ठ मजुरांच्या मुलाखती घेतल्या, त्या ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या, जिल्हा कार्यालयातल्या जुन्या फायलींची सूची केली. पाण्यावर किंवा ग्रामीण रोजगारावर काम करणाऱ्या संस्थेला हे वाचल्यावर कळतं की हा माणूस गावात जाऊन माहिती आणू शकतो. काम तेच आहे, फक्त ते ज्याला हवं त्याला कळेल असं सांगितलं.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी

एक, कागदावर तुमचं वय आणि पुढची सहा वर्षं लिहा, प्रत्येक वर्षासमोर पैसे कुठून येतील ते लिहा. जिथे जागा कोरी राहील तिथे तुमचा खरा प्रश्न आहे.

दोन, ज्या गाईडकडे जायचंय त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा. एकच विचारा: प्रकरण दिल्यावर वाचून परत यायला किती दिवस लागतात? गाईडचं नाव कितीही मोठं असो, तुमची सहा वर्षं या उत्तरावर ठरतात.

तीन, वर सांगितलेल्यांपैकी एक कौशल्य निवडा. एकच. रोज अर्धा तास.

हा भाग एमएच्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीला किंवा मित्राला गरज आहे त्यांना पाठवा, आणि शक्य असेल तर त्यांच्या आईबाबांनाही ऐकवा. घरच्यांना तारीख आणि आकडे समोर दिसले की "पुढे काय"चा सूर बदलतो. भेटू पुढच्या भागात.