ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतल्यास

हिमप्रदेशात बर्फ हटविणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. त्यांच्या कड्या घट्ट बर्फात शिरून चाकाला पकड देतात. जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही. परंतु अंबड, परतूर या तालुक्यांतील भारी काळी जमीन पावसाने भिजली की चाकाला तसाच दगा देते. येथे मात्र साखळीचा भरवसा धरू नये. चिकण माती पाण्याने फुगून कड्यांत व टायरच्या खाचांत भरते आणि चाक जागीच फिरते.

म्हणून प्रथम वापसा पाहावा. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तर वापसा आला. चिकटून राहिला तर ट्रॅक्टर रानात घालू नये.

तरीही ट्रॅक्टर रुतलाच, तर मागील चाकांना लाकूड बांधून तो पुढे काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. चाक अडले की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो आणि उडी मारण्यास अवधी मिळण्यापूर्वीच तो चालकावर उलटतो. अवजार सोडावे, चाकामागील माती खणावी व सावकाश मागे यावे. ते न साधल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे मागील ॲक्सलच्या खाली, अडकवावी; वर कोठेही नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या सभेत हे चालकांना प्रत्यक्ष दाखवावे. दोन दिवसांचा खोळंबा भरून निघतो. गेलेला माणूस परत येत नाही.